मरायचं नाही, नुसतं घर बांधायचंय!

सर्व्हायव्हल गेम म्हणजे काय ते आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगतो, तुम्हाला जंगलात नाहीतर समुद्रात एकटं सोडून देतात, हातात काही नसतं, मग लाकूडफाटा गोळा करा, खायला शोधा, घर बांधा आणि तगून दाखवा. या वेळच्या पत्रांमध्ये नव्वद टक्के लोकांचं म्हणणं एकच, की तगायचं वगैरे ठीक आहे पण आम्हाला बेस, म्हणजे गेममधलं आपलं घर, बांधायचाय, निवांत, आणि ही गेम काय निवांत राहू देत नाही. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून लिहिलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही, नुसती कोल्हापुरातली गल्ली नाहीतर गाव छापतो. काही पत्रं फार लांब होती ती वाईच कापलीत.

प्रश्न: मी उद्यमनगरात फाउंड्रीत आहे. दिवसभर भट्टी आणि साहेब, दोन्ही तापलेले. घरी आल्यावर डोकं शांत व्हावं म्हणून दोस्ताच्या सांगण्यावरनं व्हॅलहाइम घेतली. तो म्हणाला लई रिलॅक्सिंग आहे, झाडं तोडायची आणि घर बांधायचं. पहिलं झाड तोडलं ते माझ्याच अंगावर पडलं, मेलो. घर बांधून आत शेकोटी पेटवली, धुरानं मेलो. मग कुठनं तरी झुंड आली आणि घरच मोडून गेली. यात रिलॅक्स नक्की कुठं आहे ते सांगा. (शिवाजी उद्यमनगर)

उत्तर: भावा, तुझ्या दोस्तानं अर्धंच सांगितलं. व्हॅलहाइम ही स्वीडनच्या आयर्न गेट नावाच्या छोट्या कंपनीची गेम, २ फेब्रुवारी २०२१ ला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला, आली तेव्हा कंपनीत जेमतेम पाच माणसं होती, आणि महिनाभरात ५० लाख कॉप्या खपल्या. पण त्यांनी जो मुलूख केलाय तो लढाईत मेलेल्या व्हायकिंग लोकांना परत परीक्षा द्यायला पाठवतात तो मुलूख आहे, त्यामुळं ती मुळातच अंगावर येणारी गेम. निवांतपणा आपण सेटिंगमधनं काढून घ्यायचा. २०२३ पासून ते सोपं झालंय आणि तरी निम्म्या लोकांना ती स्क्रीनच माहीत नाही, किंवा माहीत असून लाज वाटते.

जग निवडतोस ना, तिथंच वर्ल्ड मॉडिफायर्स म्हणून बटण आहे. जुनं जग असलं तरी चालतं, नवीन करायला नको. आत पट्ट्या आहेत, लढाई किती अवघड, मेल्यावर दंड किती, सामान किती मिळणार, हल्ले किती, आणि पोर्टलमधनं, म्हणजे एका जागेवरनं दुसरीकडं क्षणात पोचवणाऱ्या दारातनं, काय नेता येणार. हल्ले पार शून्यावर आण, म्हणजे ती झुंड परत येणार नाही. दंड कॅज्युअलवर टाक, म्हणजे मेलास तरी अंगावर घातलेलं सामान अंगावर राहतं. आणि पॅसिव्ह एनिमीज अशी एक टिक आहे ती केलीस की तू खोडी काढल्याशिवाय कोण तुझ्या वाटेला जात नाही. कुणी म्हणालं ही चीटिंग आहे तर त्याला म्हणावं, तू आठ तास भट्टीपुढं उभा राहून ये आणि मग बोल.

एकच पट्टी मी हलवणार नाही, ती पोर्टलची. गेमच्या मूळ नियमात तांबं, कथील, लोखंड पोर्टलमधनं जात नाही, होडीत घालून समुद्रावरनं आणावं लागतं. लोकांना हे लई जाचक वाटतं, पण वारा मागून लागला की शीड सोडून नुसतं बसायचं, यासारखं दुसरं सुख या गेममध्ये नाही असं माझं मत आहे आणि त्यावर भांडायला कधीही या. आता तू ओतकामातला माणूस, लाकूड जाळून कोळसा करायचा, तो स्मेल्टरमध्ये घालून लोखंड पाडायचं, हे घरी येऊन परत करायची तुला मजा वाटेल का डोक्याला ताप होईल हे मी कसं सांगू? ताप वाटला तर पोर्टलचीही पट्टी सरकव आणि मोकळा हो.

आता मरणं बघू. झाड उतारावर असेल तर वरच्या अंगाला उभा राहून तोड, कारण पडल्यावर ओंडका खाली घरंगळतो आणि वाटेत जो येईल त्याला घेऊन जातो. शेकोटी लाकडी फरशीवर बसतच नाही, जमीन उघडी ठेवावी लागते, आणि छपराला वर भोक पाडून त्याच्यावर थोडं उंच दुसरं चिमुकलं छप्पर ठेवायचं, धूर जातो आणि पाऊस येत नाही. पावसावरनं आठवलं, इथं उघड्यावरचं लाकूड पावसानं झिजतं, पण अर्ध्यावर येऊन थांबतं, त्या पायी घर पडत नाही. तरी भिंतीपुढं चांगली वळचण काढ, आपल्याकडच्या जुन्या घरांना असते तशी. झिजलेलं हातोड्यानं ठोकून दुरुस्त करायला सामान लागत नाही, फक्त जवळ वर्कबेंच पाहिजे.

हातोडा हातात धरून खांबाकडं बघितलंस की रंग दिसतो. निळा म्हणजे थेट जमिनीवर टेकलाय, हिरवा म्हणजे भक्कम, मग पिवळा, मग लाल. लालच्या पुढं वासा टाकलास की तो खाली येणार. उंच हॉल पाहिजे असेल तर मधे जाड खांब जमिनीपासून वर न्यावे लागतात, आणि पुढं लोखंड मिळालं की लोखंड घातलेले खांब, त्यांच्यावर कितीतरी उंच जाता येतं.

आणि जागा. नवीन माणूस पहिल्या दिवशी जिथं उभा असतो तिथंच कुंपण घालायला लागतो. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात स्पष्ट लिहून ठेवलंय की गडावर आधी पाणी बघा आणि मग बांधा, आणि पन्हाळ्याला गेलास तर तटाआधी अंबरखाना बघ, गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या नुसत्या धान्यासाठी. व्हॅलहाइममध्ये तहान नाही, पण होडी लावायला पाणी पाहिजेच, म्हणून मेडोजमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या गवताळ भागात, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर बेस कर आणि पहिली खोली कोठाराची कर. भूक म्हणशील तर उपाशी राहून कोण मरत नाही इथं, खाल्लं की ताकद आणि दम वाढतो, एका वेळी तीन वेगवेगळे पदार्थ.

तुला पाहिजे ती खरी गंमत मात्र आरामात आहे. छपराखाली शेकोटीजवळ जरा वेळ बसलास की रेस्टेड म्हणून एक फायदा मिळतो, दम दुप्पट वेगानं भरून येतो. घरात पलंग, खुर्ची, टेबल, हरणाचं कातडं असं काही काही मांडत गेलास की घराचा आराम वाढतो, आणि प्रत्येक पायरीला तो फायदा एक एक मिनिट जास्त टिकतो. एकाच प्रकारच्या चार वस्तू मोजत नाहीत, त्यामुळं चार खुर्च्या टाकून उपयोग नाही. घर नीटनेटकं ठेवलं म्हणून बक्षीस देणारी मारामारीची गेम मी तरी दुसरी बघितली नाही.

प्रश्न: माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, माइनक्राफ्ट खेळतो. मलाही त्याच्यासोबत खेळावंसं वाटायला लागलंय, मला त्यातलं शेतीचं आणि घराचं फार आवडतं, पण रात्र झाली की ते हिरवं फुटणारं येतं आणि मी किंचाळते. पीसफुल मोड लाव म्हटलं तर मुलगा म्हणतो आई ते बाळांसाठी असतं. (राजारामपुरी)

उत्तर: ताई, हिरवं फुटणारं म्हणजे क्रीपर, त्याला बघून कॉलेजची पोरंही किंचाळतात, फक्त हेडफोन घालून.

पीसफुल लावलं की त्रास देणारे सगळे प्राणी गायब होतात, भूक कमी होत नाही, लागलेलं आपोआप भरून येतं. मुलाचं म्हणणं थोडंफार बरोबरही आहे, बाळांसाठी म्हणून नव्हे, पण काही गोष्टी त्यात मिळत नाहीत. क्रीपर नाही म्हणजे त्याच्याकडची बारूद नाही, नेदर म्हणजे तिथलं पाताळ, त्यात ब्लेझ नावाचे राक्षस येत नाहीत म्हणजे त्यांचे रॉड नाहीत, आणि रॉड नाहीत म्हणजे शेवटच्या ड्रॅगनकडं जायची वाट जवळजवळ बंद. शेवाळलेला वाडा, मळा, मेंढ्या, खाण एवढंच पाहिजे असेल तर काही अडत नाही. मुलाला ड्रॅगन मारायचा असेल तर तुमचं दोघांचं जमणार नाही, त्यासाठी मधला रस्ता आहे.

डिफिकल्टी ईझीवर ठेवा आणि जग तयार करतानाच कीप इन्व्हेंटरी चालू करा, म्हणजे मेलं तरी सामान हातात राहतं. तुमची भीती निम्मी त्यानंच जाईल, कारण मरणाची भीती नसते हो, तासभर गोळा केलेलं जाईल ही असते. दुसरं म्हणजे मशाली. २०२१ च्या शेवटी आलेल्या १.१८ अपडेटपासून जमिनीवर हे प्राणी फक्त मिट्ट काळोखातच उगवतात, थोडा जरी उजेड असला तरी नाही. घराभोवती, मळ्याच्या कडेनं, छपरावरसुद्धा, छपरावर लोक विसरतात, मशाली लावून टाका. तिसरं, पूर्ण दिवस-रात्रीचं चक्र २० मिनिटांचं असतं, सूर्य मावळला की दोघांनी पलंगावर जाऊन झोपायचं, रात्र बघायचीच नाही. फक्त नेदरमध्ये गेल्यावर पलंग टाकून झोपू नका, तिथं पलंगाचाच स्फोट होतो. मुलाला हे माहीत असेल आणि तो तुम्हाला मुद्दाम सांगणार नाही.

काम वाटून घ्या असं सुचवीन, तो खाणीत आणि तुम्ही वर. तो हिरे आणणार, तुम्ही त्याला भाकरी देणार, म्हणजे पाव, तिथं गव्हाचा पावच होतो. आणि त्याच्या खोलीला कुठला दगड लावायचा हे त्यालाच ठरवू द्या, दिसायला कसंही असलं तरी.

प्रश्न: पावसाळ्यात आमच्याकडं लाईट कधीही जाते. परवा सबनॉटिका या समुद्राखालच्या गेममध्ये मोठा बेस बांधला आणि गप्पकन अंधार. परत लावली तर सगळं पाण्यात गेलं, शब्दशः. प्रत्येक गेममध्ये असंच होतं का? (कळंबा)

उत्तर: नाही, आणि हे गेम घ्यायच्या आधीच बघायला पाहिजे, निदान आपल्या गावात तरी. माइनक्राफ्ट आपलं आपण सेव्ह करत राहते, व्हॅलहाइमही ठरावीक वेळानं करते. सबनॉटिकामध्ये ऑटोसेव्ह नाहीच, मेनूत जाऊन आपण सेव्ह दाबायचं, प्रत्येक खोली जोडली की दाबायचं. स्टारड्यू व्हॅलीमध्ये तर पात्र रात्री झोपलं की मगच सेव्ह, म्हणजे दुपारी लाईट गेली तर तो अख्खा दिवस परत. लॅपटॉप असेल तर बॅटरी धडकी घ्या, म्हणजे मेलेली टाकून नवी. पीसी असेल तर छोटा यूपीएस, तो सेव्ह करून बंद करण्यापुरता टिकला तरी पुष्कळ.

प्रश्न: माझा नातू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्री जेवण झालं की कॉम्प्युटरवर बसतो आणि तासन् तास नुसती लाकडं तोडतो, दगड फोडतो. आम्ही त्याच्या वयाचे असताना तालमीत जात होतो. विचारलं तर म्हणतो आजोबा याने डोकं शांत होतं. यात रमीसारखे पैसे लावतात का? आणि हे व्यसन आहे का? (मंगळवार पेठ)

उत्तर: आजोबा, नमस्कार. पैशाचं आधी सांगतो म्हणजे तुम्हाला झोप लागेल. पैसे लावून जिंकायच्या-हरायच्या ऑनलाइन गेमांवर केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली, रमी, पोकर सगळं त्यात आलं. नातू खेळतो त्या या प्रकारातल्या गेमा वेगळ्या, एकदा विकत घ्यायची आणि खेळायची, त्यात डाव लावायला काही नसतंच. त्या कायद्यातही नुसत्या करमणुकीच्या गेमेला विकत घ्यायचे किंवा वर्गणीचे पैसे घ्यायला हरकत नाही. काही गेमांमध्ये कपडे, रंग असलं वरचं विकतात, त्यात पोरं पैसे घालवतात, ते एकदा त्याला सरळ विचारा, रागवून नको.

व्यसनाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घातलंय, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण किती तास खेळतो यावर ते ठरत नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येते, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असतं, अशी ती लक्षणं. तुमच्या पत्रात यातलं मला काही दिसलं नाही. जेवण झाल्यावर बसतो म्हणजे जेवतो. तरी बघायचंच असेल तर कोल्हापुरात याची एक सोपी परीक्षा आहे, शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेची फुटबॉलची मॅच असताना तो लाकडं तोडत घरात बसला तर काळजी करा.

आणि तो म्हणतो ते खोटं नाही. अभ्यासाचं काम असं असतं की आज केलेल्याचं फळ दोन वर्षांनी, ते पण मिळालं तर. तिथं झाड तोडलं की लाकूड, लाकडाची फळी, फळीचं दार, दहा मिनिटांत दार लागतं आणि उघडतं मिटतं. माझी एक सूचना, एक दिवस रात्री त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि म्हणा, तुझं घर दाखव की मला. तुम्ही जुन्या बांधणीचा वाडा बघितलेली माणसं, तुळई कुठं पाहिजे आणि जिना कुठं चुकलाय हे तुम्हाला लगेच दिसेल. सांगा त्याला. फक्त ते आखाड्याचं एकदाच सांगा, रोज नको.

प्रश्न: आमचं गाव चिखलीकडं. २०१९ ला पाणी आलं, २०२१ ला परत आलं. बहिणीनं मला सबनॉटिका गिफ्ट केली, तिला माहीत आहे मला घरं बांधायच्या गेमा आवडतात. सगळे म्हणतात फार सुंदर आहे, पण पाण्याखाली घर, आणि भिंतीला गळती लागून आत पाणी भरतं ते बघितल्यावर मी बंद केली ती उघडलीच नाही. फ्रीडम मोड लावला तर चालेल का? (प्रयाग चिखली)

उत्तर: फ्रीडम मोडनं तुमचं काम होणार नाही. त्यात भूक आणि तहान जाते, श्वास तसाच राहतो, सुरुवातीला ४५ सेकंदांचा, तो संपत आला की गेममधल्या बाईचा आवाज बजावत राहतो आणि तुम्ही वर पळत सुटता. क्रिएटिव्ह मोडमध्ये श्वास, भूक, सामान कशाचीच चिंता नाही, तिथं नुसतं बांधता येतं. तरी खोल काळं पाणी तेच आणि लांबून येणारे आवाज तेच. गळती का लागते ते सांगून ठेवतो, प्रत्येक खोली आणि खिडकी बेसची मजबुती कमी करते, जितकं खोल तितकी जास्त, आणि पाया किंवा जाड पत्रे बसवले की ती वाढते, आकडा शून्याच्या खाली गेला की पाणी आत. म्हणजे हिशेब ठेवला तर एक थेंब येत नाही.

पण मी म्हणेन खेळू नका. गेम छान आहे, २०१८ ला आली, जीव घेणारी बंदूक हातात दिलेली नाही, मला स्वतःला फार आवडते. तरी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फूट, म्हणजे धोक्याच्या पातळीवर, गेलं म्हटलं की ज्यांना घरातलं सामान माळ्यावर टाकावं लागतं त्यांनी मन शांत करायला परत पाण्यातच कशाला जायचं? भीतीवर मात वगैरे करायची जागा ही नव्हे, हा करमणुकीचा वेळ आहे तुमचा. राफ्ट म्हणूनही एक आहे, समुद्रात तराफा वाढवत न्यायचा, तीही राहू दे.

तुम्हाला स्टारड्यू व्हॅली सुचवतो. सर्व्हायव्हल म्हणता येणार नाही तिला, शेताची गेम आहे, २०१६ ची, एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं साडेचार वर्षं खपून केलेली, चित्रं, संगीत, सगळं त्याचंच. गोठा, कोंबड्यांचं खुराडं, घर वाढवत न्यायचं, बांधायची हौस पुरी होते. पाऊस तिथंही पडतो, आणि पडला की त्या दिवशी पिकाला पाणी घालायचं काम वाचतं, पूर वगैरे तिथं येत नाही. ऋतू बदलला की बहुतेक उभं पीक जातं तेवढं फक्त लक्षात ठेवा. आणि रात्री २ वाजले की पात्र असेल तिथं कोसळतं, त्याच्या आधी त्याला घरी पोचवा. बहिणीला काय सांगायचं ते तुम्ही बघा, मी असतो तर खरं सांगितलं असतं.

प्रश्न: लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाही, आणि मेसचं बिल भरून खिशात काही राहत नाही. क्रॅक टाकून खेळू का? (शिवाजी विद्यापीठ होस्टेल)

उत्तर: क्रॅकबरोबर आणखी काय काय लॅपटॉपमध्ये येतं ते तुझ्या रूममेटला विचार, प्रत्येक होस्टेलला असा एक जण असतोच. फुकट पाहिजे तर लुआंटी घे. आधी तिचं नाव मायनटेस्ट होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये बदललं. पूर्ण मोफत, कोडसकट उघडी, जुन्या मशीनवर चालते, अँड्रॉइडवरपण. ती टाकल्यावर आत आणखी गेमा उतरवून घ्यायच्या असतात, त्यात व्हॉक्सेलिब्रे शोध, ती माइनक्राफ्टच्या जवळपास जाणारी आहे.

थोडे पैसे जमले तर टेरारिया. २०११ ची गेम, बाजूनं दिसणारी सपाट, तिला कार्ड लागत नाही. त्यात जर्नी मोड आहे, तिथं वेळ थांबवता येते, पाऊस बंद करता येतो, राक्षस किती यावेत तेही आपण ठरवायचं. स्टीम या गेमांच्या ऑनलाइन दुकानावर सेल लागेपर्यंत थांब. आणि घेतल्यावर मशीनवर नाही चालली तर १४ दिवसांच्या आत आणि एकूण २ तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मागता येतात, त्यामुळं घेतल्या घेतल्या आधी चालवून बघ, महिनाभर तशीच ठेवून मग बोंबलू नको.

प्रश्न: आम्ही चौघं व्हॅलहाइम खेळतो. दोन अडचणी. एक, आमच्यातला एक भाऊ सगळं लोखंड घेऊन स्वतःलाच चिलखत करतो, बाकीचे लंगोटीवर. दोन, जग ज्याच्या पीसीवर आहे त्याचं लग्न ठरलंय आणि तो ऑनलाइन यायचाच बंद झालाय, त्यामुळं आमचा दीड मजली हॉल तिकडं अडकलाय. (शाहूपुरी)

उत्तर: पहिलं. लोखंडाच्या पेटीजवळ वॉर्ड लावा, तो लावला की तेवढ्या जागेतलं ज्यांची नावं त्यात घातलीत तेवढेच लोक उघडू शकतात, आणि भावाचं नाव आठवडाभर घालू नका. जमत नसेल तर मॉडिफायरमध्ये सामानाची पट्टी वाढवा, दुप्पट लोखंड यायला लागलं की निम्मी भांडणं आपोआप मिटतात, दोस्तीपेक्षा काय गेमचा नियम मोठा नाही. अजून एक लक्षात घ्या, व्हॅलहाइममध्ये पात्र आणि जग वेगवेगळं साठवलेलं असतं, खिशातलं सामान दुसऱ्या जगात नेता येतं. म्हणजे तुमचा भाऊ एकटाच स्वतःच्या जगात जाऊन लोखंड खणून आणू शकतो, त्याला सांगा, पाहिजे तेवढं चिलखत तिथं कर.

आणि तुम्ही तिघांनी पण जरा विचार करा, चिलखत घातलेला पुढं उभा राहून मार खातो का नाही? खात असेल तर त्याला एक संच द्यायला हरकत नाही. मार तुम्ही खाताय आणि चिलखत त्याच्या अंगावर, असं असेल तर इषय वेगळा.

दुसरं जास्त घाईचं आहे. जग ज्याच्या पीसीवर असतं तो खेळत असेल तेव्हाच बाकीच्यांना आत येता येतं. पण त्या जगाच्या दोनच फाइली असतात, एकीच्या शेवटी डीबी आणि दुसरीच्या शेवटी एफडब्ल्यूएल. क्लाउडवर ठेवलं असेल तर आधी गेमच्या मॅनेज सेव्हजमध्ये जाऊन लोकलला आणायचं, मग त्या दोन फाइली पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्याच्या पीसीवर त्याच फोल्डरमध्ये टाकल्या की हॉल जसाच्या तसा. दोन्ही घ्या, एक विसरलात तर हॉल मिळणार नाही. कायमचा उपाय पाहिजे असेल तर स्टीमवर व्हॅलहाइमचा डेडिकेटेड सर्व्हर मिळतो, एखादा जुना पीसी कोपऱ्यात चालू ठेवायचा, मग कुणाच्या लग्नानं काही अडत नाही, दहा जणांपर्यंत एका वेळी खेळता येतं. लाईटचं वर कळंब्याला सांगितलंय ते तुम्हालाही लागू.

नवरदेवाकडनं त्या फाइली मात्र हळदीच्या आधी घेऊन या, नंतर तो फोन उचलेल याची मी गॅरंटी देत नाही.